चिखलात कुणाला कळतं

४ जुलै
आज तिसरं पातळ वाळत घातलं. वयाचं अडुसष्टावं चालू आहे. शिंक आली की संपलं, मोरीपर्यंत जायलाही सवड नाही. सून वैशाली दोरीकडे बघते, माझ्याकडे नाही.

७ जुलै
सकाळपासून दोनच घोट पाणी. तीस वर्षं अंगणवाडीत बायकांना ओरडून सांगितलं - पाणी प्या, लघवी कोंडू नका, लाजू नका, डॉक्टरला दाखवा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. आता मीच तांब्या पालथा घालून बसलेय.

११ जुलै
नातीला बघायला पाहुणे. वैशाली : "आई, तुमी मांगच्या खोलीत बसा. सोफ्यावर नोका बसू."
मुलगा तिथेच होता. मोबाइलमधून मान वर काढली नाही. ह्याचं अंथरूण सहा वर्षांचा होईपर्यंत रोज धुतलं, कुणाला बोलले नाही.
नात पसंत पडली म्हणे. माझा चहा मागच्या खोलीत आला. गार.

१५ जुलै
भर पावसाळ्यात उन्हाळी लागली. लघवीला आग आग. पाणी तोडल्याचं फळ, दुसरं काय. दवाखान्यात ने म्हणावं तर मुलाला कारण काय सांगू? धने भिजवून प्यायले.

१९ जुलै
आमचा रोवणा, भाताची लावणी. "ह्या वयात कायले येता?" - वैशाली. हट्टाने गेले.
शेतात, बांधीत उतरले. गुडघाभर चिखल, कमरेपर्यंत सगळ्याच ओल्या. दोन तांबे पाणी प्यायले. कित्येक दिवसांत असं बिनघोर प्यायले नव्हते. फार बरं वाटलं.
शेजारी कौशल्या, माझी अंगणवाडीतली मदतनीस. तिला खोकला आला. पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची जुडी हातात तशीच, पाय जवळ घेतले, डोळे मिटून उभी राहिली. ते थांबणं मला चांगलं ओळखीचं.
"काय झालं वं?"
"काई नाई बाई. कंबर धरली."
"माहीबी," म्हणाले.
तीही खोटं बोलली, मीही. एवढी वर्षं मी काय शिकवलं बायकांना?

२३ जुलै
कौशल्याकडे गेले. दोरीवर तिचीही तीन पातळं. शुक्रवारी भंडाऱ्याला बायकांच्या डॉक्टरीणबाई असतात, आपण दोघी जाऊ, एवढंच बोलायचं होतं. चहा झाला. रोवण्याच्या गप्पा झाल्या. उठले तेव्हा तीच म्हणाली, "बाई, तुमी दवाखान्यात कोनाच्या संगं जाता?"
"मले काय झालं दवाखान्यात जायले?" म्हणाले, आणि चपला घातल्या.
जीभ का नाही झडली माझी.
उद्या शुक्रवार. भंडाऱ्याची नऊची बस तिच्याच दारावरून जाते.