शेवटच्या डब्यातला घोडा

बाबा, परवा मी ईसा टाउनमधल्या शाळेत मुलांना ब्रेकविषयी सांगायला गेले होते. इथे आखातात मी बंदरावरच्या क्रेनचे ब्रेक तपासते, म्हणून बोलावलं असावं. सुरुवात घोड्यांच्या रेल्वेपासून केली. इंजिनं येण्याआधी रुळांवरून डबे घोडे ओढायचे. उतार लागला की घोडा सोडून शेवटच्या बुटक्या डब्यात चढवायचा, आणि डबे आपल्याच वजनाने खाली जायचे. घोडा आत गवत खात उभा. गाडी आवरायची एका माणसाने, लाकडी ठोकळा चाकावर दाबून.

हे मला तुम्ही रेल्वे क्वार्टरच्या स्वयंपाकघरात सांगितलं होतं. तुम्ही पोळपाट तिरका धरलाय, त्यावरून काडेपेट्या घसरताहेत, शेवटच्या पेटीत घोडा म्हणून एक हरभरा, आणि तुमचा अंगठा हा ब्रेक. आई पोळपाट परत मागतेय. मी बारा वर्षांची. घोडा कधी गाडीत बसतो का, थापा आहेत, असं म्हणते. तुम्ही हरभरा तोंडात टाकता. "इंजीन नंतर आलं," म्हणता, "गार्ड आधीपासून आहे." या भाषणासाठी मी जुनी रेखाटनं शोधली. घोडा खरंच शेवटच्या डब्यात उभा आहे.

पाहिल्याशिवाय तुम्ही सही करायचा नाहीत. एकदा मी जेवणाचा डबा द्यायला स्टेशनवर आले होते, तेव्हा ब्रेकव्हॅनमधल्या, म्हणजे तुमच्या गार्डच्या डब्यातल्या, दाबाच्या काट्याकडे तुम्ही बघत उभे होतात. काटा स्थिर होईपर्यंत आकडा लिहायचा नाही. वॉकीटॉकीवर ड्रायव्हर वैतागला, "साहेब, लग्नपत्रिका लिहिताय का?" तुम्ही म्हणालात, लिहून झाली की तुम्हाला पहिलं आमंत्रण.

त्याच वर्षी सहलीचा फॉर्म आला. वडिलांच्या व्यवसायासमोर मी 'इंजीन ड्रायव्हर' लिहिलं. वर्गात गार्ड म्हणजे बँकेच्या दारातला वॉचमन समजायचे, ते मला नको होतं. तुम्ही फॉर्म हातात घेतलात, सही करून परत दिलात. आजही कुठल्याही तपासणीच्या कागदावर सही करताना माझा हात क्षणभर थांबतो, तो त्या फॉर्मपाशी.

परवा शेवटी एका मुलीने इंग्रजीत विचारलं, घोड्याचं हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझ्या वडिलांनी, मी म्हणाले, ते गार्ड होते. "सिक्युरिटी?" तिने विचारलं, आणि मागची बाकं हसली. रेल्वेचे, मी म्हणाले. त्यांनी हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवू शकत नसे. एवढ्यात तास संपला. वाक्य पूर्ण झालं होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे एक दुरुस्ती इथेच करते. त्या फॉर्मवर तुम्ही चष्म्याशिवाय, न वाचताच सही केली, असं मी आईला सांगितलं होतं, आणि पुढे स्वतःलाही सांगत आले. चष्मा तुमच्या डोळ्यांवर होता. तुम्ही वरपासून खालपर्यंत वाचलं होतं.