या आठवड्याचे नऊ

महाड, ९ मार्च २००३

तीर्थरूप बाबांस,

पोलादपूरच्या पायवाटांवरचं तुमचं लेखन मी वेबसाइटवर टाकलं, तेव्हापासून तुम्ही दर रविवारी फोनवर विचारता, "देवश्री, या आठवड्यात पाहुणे किती?" आई मागून म्हणते, "चहा टाकू का?"

मी सांगायचे ते आकडे खरे होते, पण सगळे पाहुणे मीच होते. ऑफिसातून पान दिवसाला पाचदा उघडायचं, कामाच्या सहा दिवसांचे तीस.

हा आठवडा मी तापाने घरीच होते. एकदाही उघडलं नाही. आज घाबरतच आठवड्याची मोजणी पाहिली. नऊ. त्यात मी नाही, बाबा. कुणीतरी खरंच वाचतंय.

हे पत्र पाठवणार नाही. तीस ऐकायची सवय झालेले तुम्ही नऊ ऐकून हिरमुसाल. ते तीस मीच होते हे तुम्हाला सांगता येणार नाही, पण मी निर्धास्त झाले आहे.

तुमची,
देवश्री