मावशीच्या फाइलची खुशाली

तीर्थस्वरूप मावशीस साष्टांग नमस्कार.

हाताने लिहिलेलं पत्र बघून छातीत धस्स झालं असेल, तर आधी घोटभर पाणी पी. आम्ही सगळे धडधाकट आहोत. आमच्या प्रिंटरने सध्या माझ्याशी बोलणं टाकलंय, म्हणून हा खटाटोप. तुझा गुडघा काय म्हणतो? जिना टाळतेस ना? तुझं पुस्तकही मजेत आहे. (म्हणजे असावं. पुढे लिहितोच.) चौतीस वर्षं प्रसूतिगृहात नोकरी, मग चौदा महिने एका बोटाने टायपिंग, आणि ती सगळी फाइल निळ्या पेन ड्राइव्हवर घालून, वर औषधाची चिकटपट्टी लावून, पट्टीवर ‘जपून ठेव’ असं लिहून तू पानं लावायला माझ्याकडे सोपवलीस, याची मला फार जाणीव आहे. गेल्या रविवारपासून तर फारच. वाचलं मी सगळं. अप्रतिम! भाषा ओघवती, प्रसंग जिवंत, आणि शेवट तर अगदी शेवटासारखा.

आता रविवारचं सांगतो. ऑफिसात माझ्या शेजारी एक दाढीवाला बसतो. तो नवी ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो. (ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरची मेट्रन. कुठला पलंग कोणाला, कोणी कधी आत यायचं, सगळं तीच ठरवते. याहून जास्त तुला कळायची गरज नाही. मलाही कळलेलं नाही.) हा गृहस्थ रोज चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहतो आणि “अजून हेच वापरतोस?” असं विचारतो. वाक्यात वावगं काही नाही, पण त्याचा सूर ऐकून माणसाला उगाच आपला शर्ट मळलाय की काय असं वाटतं. पंधरा वर्षं मी प्रोग्राम लिहितोय, चार लोक मला विचारून कामं करतात. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, जुनी मेट्रन घरी पाठवायची.

पण मी काही उतावळा नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. (तू आत्ता हसलीस, ते मला दिसलं.) जुनं सगळं पुसण्याआधी त्याची नक्कल काढून ठेवायची असते. कोणीही सामान्य माणूस फाइली उचलून दुसरीकडे ठेवेल, वीस मिनिटांचं काम. पण मी पडलो प्रोग्रामर. मी नक्कल काढणारा प्रोग्राम लिहायला बसलो. त्याला अकरा दिवस लागले. तो नक्कल काढतो, ती मोजतो, पुन्हा तपासतो आणि शेवटी हिरव्या अक्षरांत शाबासकी देतो. नीट चालतो की नाही हे बघायला मी त्याला त्याच्याच फोल्डरची नक्कल काढायला सांगितली. त्याने काढली. हिरवी शाबासकी मिळाली. त्या आनंदात मी बायकोला हाक मारून ती दाखवली, दोघांनी चहा घेतला आणि मी नवी सिस्टिम घालायला बसलो.

त्या सिस्टिमने अगदी सभ्यपणे विचारलं, की डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, तुमची खात्री आहे ना? मावशी, पंधरा वर्षं मी हाच प्रश्न लोकांसाठी लिहीत आलोय. तो कोणी वाचत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मी ‘हो’ दाबलं.

सध्या माझ्याकडे नक्कल काढणाऱ्या प्रोग्रामची एक उत्कृष्ट नक्कल आहे.

पुढचे चार दिवस विचारू नकोस. वायफाय चालेना. ते चालू करायला प्रोग्रामचा जो तुकडा लागतो तो इंटरनेटवरून घ्यायचा आणि इंटरनेट यायला वायफाय हवं. शेवटी पॅसेजमधून माझ्या टेबलापर्यंत जाडजूड वायर ताणली. नेमकी नडगीच्या उंचीवर आली. बायको त्या वायरवर मोजे वाळत घालायला लागली. मग कॅमेरा उलटं दाखवायला लागला. साहेबांबरोबरच्या बैठकीत मी अकरा मिनिटं डोकं खाली, पाय वर (पाय दिसत नव्हते, पण हिशेबाने वरच असणार) असा बोललो. साहेब मान वाकडी करून ऐकत राहिले. दाढीवाल्याला विचारलं तर म्हणाला, “मजा येतेय ना?” आता त्याच्याशीही बोलणं बंद आहे.

असो. तुझा वेळ फार घेतला. गुडघ्याला जप, गोळ्या वेळेवर घे आणि माझ्यावरचा लोभ जसा आहे तसाच राहू दे. विशेषतः खालचं वाचून झाल्यावर.

तुझा,
लाडका (अजूनही?) भाचा

ता. क. – सहज विचारतो. तुझ्या मूळ हस्तलिखित वह्या रद्दीत तर नाही ना दिल्यास? असल्या तर सगळ्या पाठव. मी स्वतः, दोन्ही हातांनी, एकेक अक्षर पुन्हा टाइप करीन.

ता. ता. क. – “पेन ड्राइव्ह आहे ना तुझ्याकडे?” असं तू म्हणशील. आहे. नवी सिस्टिम आधी एखादा पेन ड्राइव्ह पुसून त्यावर घ्यावी लागते आणि खणात तेवढा एकच होता. त्यावरची चिकटपट्टी काढताना फार त्रास झाला.

मावशी, तुमच्या भाचेसुनेचा नमस्कार. ह्याने पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट उघडंच होतं, म्हणून इथे चार ओळी लिहिते. तुमची फाइल सुखरूप आहे. पेन ड्राइव्ह आला त्याच दिवशी मी ती माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली (तोच, ज्याला हा ‘म्हातारा’ म्हणतो) आणि दोनदा वाचली. ह्याने एक पानही उघडलेलं नाही. बाराव्या प्रकरणातलं ते सातव्या महिन्यात जन्मलेलं, निळं पडलेलं बाळ, ज्याला तुम्ही स्वतःच्या छातीशी धरून पहाटेपर्यंत बसलात, आणि जे अखेर तुमच्या अंगावर शू करून रडलं, ते बाळ म्हणजे कोण, हे ह्याला अजून ठाऊक नाही. तुम्ही वह्या पाठवाच. फाइलचं मी ह्याला सांगणार नाही. हा बाराव्या प्रकरणापर्यंत टाइप करत पोचू दे.