अकरा वाजून दहा मिनिटांनी

प्रिय ताई,

फोन करायचा सोडून या शहाण्याने पत्र का लिहिलं, म्हणून तू आधी हसशील आणि मग घाबरशील. घाबरू नकोस. परवा, गुरुवारी सकाळी, माझं ऑपरेशन आहे. पाठीच्या कण्यात गाठ निघालीय, नवव्या मणक्यापाशी, डावीकडे. हो, तुझी होती तिथंच. सर्जन म्हणतात, एका घरात अशा गाठी निघतात कधीकधी, त्यात नवल नाही. पण तुझ्या कण्याचा जुना फोटो माझ्या फोटोशेजारी लावला तेव्हा तेही दोन्हींतले मणके पुन्हा पुन्हा मोजत राहिले.

सुरुवात चपलेनं झाली. महिन्यापूर्वी जिना चढून घरी आलो, बघतो तर डाव्या पायात चप्पलच नाही! खाली पहिल्या पायरीवर पडली होती आणि मला पत्ताच नाही. आठवतं ना, टपाल वाटताना तुझीही अशीच कुणाच्या तरी दारात राहिली होती, आणि घरी येऊन तू आम्हालाच दम दिलास की माझी चप्पल कुणी लपवली? तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. या वेळी चप्पल हातात घेऊन जिन्यातच बसलो. आता डावा अंगठा हलवू म्हटलं तरी हलत नाही.

धोक्यांची यादी सर्जननी वाचून दाखवली. पायातली ताकद जाऊ शकते, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, गाठ नसांना चिकटलेली असली तर थोडी आतच ठेवावी लागेल. बारा वर्षं हेच काम करतोय, यादी तोंडपाठ आहे, पण स्वतःच्या नावानं ऐकली आणि पुन्हा एकदा वाचायला सांगितली. माझं काम तुला ठाऊक आहेच. ऑपरेशन चालू असताना डोक्याला बारीक करंट द्यायचा, तो कण्यातून पायात टोचलेल्या सुयांपर्यंत पोचला की त्यांच्या वायरींतून माझ्या स्क्रीनवर रेघ उठते. रेघ सपाट पडली की ओरडून सर्जनना थांबवायचं. तुझ्या ऑपरेशनला तू तर हट्टच धरला होतास, माझा तारवाला स्क्रीनपाशी बसणार असेल तरच मी टेबलावर चढते म्हणून.

त्यानंतर तुझा डावा पाय गेला, सायकल गेली, आणि तू टपाल कचेरीत खुर्चीवर पत्रं लावायला बसलीस. पायात जीव नाही, पण रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अंगठा तेवढा उडतो, घड्याळ लावून घ्या म्हणतेस! सगळे हसतात. मी दर वेळी चहा टाकायला उठतो, हे कधी तुझ्या लक्षात आलंय का?

ताई, त्या दिवशी तुझी रेघ पडली ती अकरा वाजून दहा मिनिटांनी. मी ओरडलो नाही. सुई निसटली असेल असं वाटलं, म्हणून चादरीखाली वाकून आधी वायर तपासत बसलो. चाळीस सेकंद. तेवढा वेळ सर्जन गाठ ओढत राहिले, त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना! वायर धडधाकट होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नाही. आधी वायर तपासायची, हेच पुढं माझ्या हाताखाली कामाला आलेल्या नव्या मुलीलाही शिकवलं, कारण नियम बदलला असता तर का बदलला ते सांगावं लागलं असतं. परवा माझ्या स्क्रीनपाशी तीच बसणार आहे. काल तिला सांगायला गेलो की आधी ओरडायचं, वायर नंतर. तिनं विचारलं, का, असं काय झालं होतं? मी वायरी गुंडाळायला लागलो. तुझ्याआधी तिला कसं सांगू? हे पत्र उद्या सकाळी तुझ्याच हाताखालून जाईल, मग दुपारी तिला सगळं सांगतो. मला फार भीती वाटते गं, पायाची आणि तुझीही. गुरुवारी येऊ नकोस असं लिहिणार होतो, पण ये. एवढं लिहून पत्र मिटत होतो, तर महिनाभर गप्प असलेला माझा डावा अंगठा आत्ता उडाला, एकदाच. घड्याळात अकरा दहा झालेत. ताई, आज तुझा उडाला का?

तुझाच,
तारवाला