सुरूची बावीस झाडं

१४ फेब्रुवारी २०२१
आंघोळीपासून नाश्त्यापर्यंत एकोणतीस शिंका. पुढच्या मोजल्या नाहीत. बोईसरच्या डॉक्टरांनी हातावर टोचून तपासलं — परागकणांची ॲलर्जी, सुरूच्या झाडाची. तुरे आले की पूड वाऱ्यावर उडते म्हणे. आमच्या वाडीच्या समुद्राकडच्या कडेला सुरूच आहेत. बावीस. बाबांनी लग्नाच्या वर्षी लावलेले.

९ फेब्रुवारी २०२२
यंदा पाच दिवस आधीच लागलं.

३० जानेवारी २०२३
आणखी आधी. गेल्या वर्षी तर होळीनंतरही थांबलं नव्हतं. आता नुसत्या नाकावर भागत नाही, छातीत शिट्टी वाजते. ऑफिसात इनहेलरचा पंप ओढला तर शेजारच्या टेबलावरच्या रूपालीने खुर्ची लांब सरकवली. डॉक्टरांना विचारलं, वयाबरोबर कमी होईल ना? काहींचं होतं, काहींचं छातीत उतरतं, म्हणाले.

२ फेब्रुवारी
सुलूआत्या आली होती. मला धाप लागलेली बघून बाबांवर घसरली. "झाडांना पानी घालतोस, अन् पोरीला श्वास नाय." मग मी म्हटलं, "ती ओळ तोडली तर?"
हे वाक्य माझं आहे. लिहून ठेवते, नाहीतर पुढे मी आत्याच्या नावावर ढकलेन.

५ फेब्रुवारी
गावात झाडं तोडणारा मिथुन करवत घेऊन आला. हात लावण्याआधी त्याने बाबांना दोनदा विचारलं — काका, खाऱ्या वाऱ्याला आडवं काय ऱ्हाईल? बाबा म्हणाले, "पोर जगू दे आधी. वाऱ्याचं मागनं बघू."
संध्याकाळी बावीस बुंधे. ओट्यावरून थेट समुद्र दिसतो. मला ते सुंदर वाटलं, हेही लिहिते.

२० फेब्रुवारी
शिंका तशाच. पंप दिवसातून चारदा. सगळ्या किनाऱ्यावर सुरू आहेत, शेजारी धर्मेशकाकांच्या वाडीतही आहेत — पूड काय फक्त आमच्याच झाडांची येत होती? डॉक्टर म्हणाले, ती कोसभर लांबूनही येते. तोडण्याआधी मी त्यांना विचारलंच नव्हतं.

२१ जुलै
तीन दिवस समुद्राकडून वारा. आंब्याची पानं कडेने करपलीत, तव्यावर टाकल्यासारखी. बारक्या चिकूंचा खाली सडा. बाबा पाइपने पानांवरचं मीठ धुतात. मी पाइप धरायला गेले तर म्हणाले, आत जा, ओल बाधेल तुला.

१६ जानेवारी २०२४
सहा हापूसना मोहोर नाही. शाळेत घालण्याआधी बाबांनी मला अक्षरं शिकवली ती मोहोराच्या तारखा कॅलेंडरवर लिहायला लावून. यंदा त्या चौकटी कोऱ्याच.
मी म्हटलं, पुन्हा सुरू लावू या. मी भाड्याने बोईसरला राहीन.
"तुझ्या छातीपुढं वाडी मोठी नाय. परत इचारू नको."
दहा वर्षं तरी लागली असती म्हणा, ओळ उभी राहायला.

८ ऑगस्ट
चिकूची तीन झाडंही वाळून गेली. आत्या म्हणते, निदान पोर तरी हाय. माझ्याकडे बघत नाही.

२७ फेब्रुवारी २०२५
महिना संपत आला, एक शिंक नाही. पंपाला हात नाही. डॉक्टर म्हणाले, अंगाचं काही सांगता येत नाही, काही वर्षांनी ॲलर्जी आपोआपही जाते कधी कधी. मला खरं वाटेना. आज धर्मेशकाकांच्या सुरूंखाली अर्धा तास उभी राहिले. तुरे भरलेले. ओढणी पिवळी झाली, श्वास साफ. दोन वर्षं थांबलो असतो तर आमचे बावीसही उभे असते.
घरात शिरताना नाकाला रुमाल लावला आणि बाबांसमोर दोनदा खोकले.