फॉर्मातलं ‘नाही’

महाड, मंगळवार, १२ ऑगस्ट २००८

आज मुंबईला बाबांचं रक्त तपासायला दिलं. त्यांच्या पाच गोळ्यांतली रक्त पातळ करणारी गोळी त्यांना किती मानवेल, हे म्हणे जनुकांवरून कळतं. फॉर्म मी भरला. ‘रक्ताच्या नात्यात या औषधाने कुणाला रक्तस्राव झाला आहे का?’ मी ‘नाही’ लिहिलं. बाबा शेजारीच बसले होते, तरी विचारलं नाही. घरातले सगळे फॉर्म मीच भरते, ते नुसता अंगठा देतात.

परतताना वीर स्टेशनला उतरून रिक्षात बसलो, तेव्हा ते सहज म्हणाले, “तुझ्या आत्याला पण हीच गोळी होती. नाकातून रगत आलं, थांबलंच नाय. त्यातच गेली.”

“बाबा, मग तिथे का नाही बोललात?”

“तू शिकलेली हायस गो. तुला ठाव असंल, वाटलं.”

ते ‘नाही’ माझ्याच अक्षरात आहे. डॉक्टरांकडे फोन कुणी उचलत नाही. आजची गोळी दिली तर आत्यासारखं होईल? नाही दिली तर रक्ताची गुठळी? विचारू कुणाला? घरात वाचता येणारी मी एकटी.

बाबा जेवून हात पुढे करून बसलेत. कुठली गोळी, हे ते कधीच विचारत नाहीत.