घशातली गाठ आणि माझी नम्रता

२ जून, रविवार
चर्चच्या उपासनेत गाताना ‘गौरव’ या शब्दावर आवाज फाटला. माझा! क्वायरमधला एकमेव भरदार आवाज. डोक्यावर पंखा होता, त्यामुळे. बायको म्हणाली, तीन महिने घसा बसलाय, डॉक्टरांना दाखवा. आमचं क्वायर बसवणाऱ्या क्वायरबाईंनी नजर खाली घातली. हेलावल्या असाव्यात.

४ जून, मंगळवार
घशाच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. मी अजिबात घाबरलो नाही. नर्सचा हात धरला, तो तिला धीर यावा म्हणून. स्क्रीनवर माझे स्वरतंतू, आणि त्यांवर तांदळाच्या दाण्याएवढी गाठ. काढून तपासायला पाठवू म्हणाले. तोवर गाणं बंद, बोलणंही बंद.
कशासाठी तपासायची, ते बायकोने विचारलं. मी तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.

५ जून
संकल्प : आजाराला नम्रतेची शाळा मानायचं. आजवर लोकांनी केलेलं कौतुक देवापर्यंत पोचलंच नाही, वाटेत माझ्यापाशीच अडकलं. यापुढे सगळा गौरव देवाला. बरा झालो की चर्चच्या मंडळीसमोर उभं राहून देवाने कसं वाचवलं त्याची साक्ष द्यायची. लगेच लिहूनही काढली. बायकोने वाचली. छान आहे म्हणाली, पण देव तिसऱ्या पानावर येतो. तिला रचना कळत नाही.

९ जून, रविवार
शेवटच्या बाकावर बसलो. नम्रता. माझ्याविना गीत कोलमडणार, म्हणून क्वायरबाईंसाठी आधीच प्रार्थना करून ठेवली होती. कोलमडलं नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, आज शब्द न् शब्द कळला बाई.
मागच्या बाकांवर आवाज नीट पोचत नाही.
पाळकसाहेबांनी येऊन विचारलं, भीती वाटते का? मी कागदावर लिहून दिलं : प्रभू समर्थ आहे. अक्षर वाकडं आलं. पेन खराब.

११ जून
उद्या ऑपरेशन. प्रार्थनेला बसलो. ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ एवढंच म्हणायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात मनातल्या मनात म्हणालो : देवा, गाठ साधी असू दे. देवा, आवाज राहू दे. मग : आवाज गेला तरी चालेल, मला राहू दे. मग : निदान खालचे सूर तरी...
देवाशी घासाघीस बरी नव्हे. हे साक्षीत घ्यायचं नाही.

१७ जून, सोमवार
रिपोर्ट आज यायचा होता. फोन वाजला आणि मला नेमकं बाथरूमला जावं लागलं. आतून कडी लावली. बाहेर बायको ‘हो, हो’ म्हणाली आणि रडायला लागली. संपलं. बादली पालथी घालून बसलो. माझ्या अंत्यविधीला कोणती गीतं म्हणायची ते ठरवलं. क्वायरबाईंना झेपतील अशीच.
दारावर थापा. “अहो, साधी आहे! साधी गाठ आहे! बाहेर या!”
कडी निघेना. हात ओले होते. बाहेर आल्यावर तिने विचारलं, डोळे लाल कशाने? मी साबणाकडे बोट दाखवलं. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात फरशीवरच बसून राहिलो. माझा हात तिने सोडला नाही. तेवढा वेळ मी साक्षीचा विचार केला नाही. जवळजवळ नाहीच.

२३ जून, रविवार
हळू बोलायची परवानगी मिळाली. साक्ष खिशात. पाळकसाहेब म्हणाले, “आपल्या एका भावाला प्रभूने मोठ्या संकटातून वाचवलंय.” मी नम्रपणे उभा राहिलो. “आपले घंटावाले काका! हृदयाच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा आपल्यात आलेत.”
मी उभाच. बायको मागून शर्ट ओढतेय. बसावं तर शोभा होणार. तेवढ्यात पुढचा बाक उठला, मग त्याच्या पुढचा, मग सगळी मंडळी. काकांसाठी उभं राहायचंय असं वाटलं त्यांना. क्वायरबाईंनी स्तुतिगीत धरलं. मीही गायलो. आवाज निघाला तो गंजलेल्या बिजागरीसारखा. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.
बाहेर पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. दुसऱ्याच्या आनंदात सगळ्यांआधी तुम्ही उठलात, याला म्हणतात नम्रता, म्हणाले. खरं सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण मागे आणखी चार जण हात मिळवायला थांबले होते.
घरी कुलूप काढताना बायको म्हणाली, “अहो, निदान काकांना तरी भेटायचं होतं.”
काका बसले कुठे होते, तेच मी पाहिलं नव्हतं.